गाडी ओढून नेल्यावर आतल्या आत साचणारा ताण

हप्ते थकले की फायनान्स कंपनी गाडी ओढून नेते. गाडी जाते, पण दुसरी किल्ली घरातच राहते. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, लाइटबिलांच्या खाली. पार्किंगमध्ये ऑइलचा काळा डाग राहतो, जिन्याखाली घडी घातलेलं कव्हर राहतं. दोन दिवसांनी शेजारच्या काकू विचारतात, "काय ओ, गाडी दिसंना झाली?" आणि तोंडातून पटकन निघून जातं, "सर्व्हिसिंगला दिलीय."

त्या एका वाक्यापासून नवा त्रास सुरू होतो. सर्व्हिसिंग किती दिवस चालणार? आठवड्याने "पार्ट पुण्याहून यायचाय" म्हणावं लागतं. सासुरवाडीला "विकली, आता मोठी बघतोय" असं सांगितलेलं असतं, कारखान्यात "भावाला दिलीय" असं. कुणाला काय सांगितलं हे सतत ध्यानात ठेवायचं, दोन्हीकडची माणसं एका लग्नात समोरासमोर आली की घाम फुटायचा, मग लग्नालाच जायचं टाळायचं. हप्ते थकल्याचा ताण काही महिने होताच. त्यावर हे लपवण्याचं काम येऊन बसतं, आणि त्याला सुट्टी नसते.

सोलापुरात चारचाकीला फार मोठा मान आहे. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर या फेऱ्यांवर कितीतरी घरं चालतात. मागाचं किंवा टॉवेलचं काम मंदावलं की घरखर्चाआधी हप्ता थकतो. मागच्या काचेवर मुलांची नावं लिहिलेली असतात, आरशाला सिद्धेश्वराचा फोटो अडकवलेला असतो. अशी गाडी गल्लीतल्या लोकांसमोर ओढून नेली की माणसाला आपली अब्रू नेल्यासारखं वाटतं. या शरमेला हसू नये, ती खरी असते. पण ती झाकून ठेवल्याने कमी होत नाही, हेही तितकंच खरं.

ताण आहे हे बहुतेक जण कबूल करत नाहीत, पुरुषमंडळी तर नाहीच. शरीर मात्र बोलतं. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पहिला विचार हप्त्याचा असतो. दात आवळून झोपल्यामुळे सकाळी कानाखाली दुखतं. पोट बिघडतं, ॲसिडिटीच्या गोळ्या वाढतात. अनोळखी नंबर वाजला की छातीत धस्स होतं. फोन कुरिअरवाल्याचा निघाला तरी पुढची दहा मिनिटं हात गार असतात. सात रस्त्याला त्याच रंगाची, त्याच मॉडेलची गाडी दिसली की नजर आपोआप नंबरप्लेटवर जाते. मुलाने दप्तर जागेवर ठेवलं नाही एवढ्यावरून घरात आरडाओरडा होतो. आधीपासून बीपी किंवा शुगर असेल तर आकडे वर जातात, आणि नेमक्या याच दिवसांत पैसे वाचवायला गोळ्या थांबवल्या जातात. त्या थांबवू नका. सरकारी दवाखान्यात या रोजच्या गोळ्या मिळतात.

हे का होतं? धोका दिसला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल हे ताणाचे हार्मोन सोडतं आणि धोका टळला की ते उतरतं. इथे धोका टळला असं कधी वाटतच नाही, कारण पुढे काय होणार ते ठाऊक नसतं. बाकी किती, गाडी कुठल्या यार्डात, लिलाव कधी, घरावर कुणी येणार का, यातलं काहीच माहीत नसलेलं डोकं रात्रभर स्वतःच उत्तरं बनवत बसतं, आणि ती खऱ्या उत्तरांपेक्षा बहुधा वाईट असतात. म्हणून माझं मत असं की झोपेची गोळी शोधण्याआधी कागद शोधावेत. "पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला इथे काही कामाचा नाही. नेमका आकडा कामाचा आहे.

एक दुपार, एक फाइल, एक सोबती

न उघडलेली पाकिटं प्रत्येक घरात एका ठराविक जागी असतात. फ्रिजवर, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, गादीखाली. ती सगळी एका दुपारी खाली काढा. एकट्याने नको, शेजारी एक माणूस बसवा. त्याने काही बोलायची गरज नाही, त्याने फक्त पाकिटं फोडून कागद सरळ करून हातात द्यायचे. तीन गठ्ठे करा. पहिला कंपनीच्या नोटिशींचा, तारखेप्रमाणे लावलेला. दुसरा वकिलाकडून, लवादाकडून (कोर्टाबाहेर वाद मिटवायला नेमलेल्या माणसाकडून) किंवा कोर्टाकडून आलेल्या कागदांचा. तिसरा पावत्यांचा. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर हजर राहायची किंवा उत्तर द्यायची तारीख शोधून तिला लाल पेनने गोल करा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दीड-दोन तासांचं हे काम आहे. पहिली पंधरा मिनिटं जड जातात, हात थरथरतात, हे धरूनच चाला.

पोस्टमनला "घरी नाहीत म्हणून सांगा" असं म्हणून पाकीट परत पाठवण्याची सवय फार महागात पडते. बरोबर पत्त्यावर रजिस्टर किंवा स्पीड पोस्टाने आलेलं आणि घ्यायला नाकारलेलं पाकीट कोर्टात साधारणपणे मिळालेलंच धरलं जातं. चेक बाऊन्सच्या नोटिशीत तर पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस असतात. पाकीट फोडलंच नाही तर ते दिवस तसेच निघून जातात.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. मागायचं ते असं: कर्जखात्याचा आजपर्यंतचा उतारा, कराराची प्रत, गाडी ताब्यात घेण्याआधी पाठवलेली नोटीस, ताब्यात घेताना केलेली यादी, यार्डाचा पत्ता, गाडी सोडवायला आज किती रक्कम लागेल आणि ती कुठल्या तारखेपर्यंत चालेल, आणि विक्रीची तारीख ठरली असेल तर ती. आरबीआयने एनबीएफसींसाठी, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांसाठी, घालून दिलेल्या न्याय्य व्यवहार संहितेप्रमाणे ताबा घेण्याआधीच्या नोटिशीचा कालावधी, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत हे सगळं करारातच लिहिलेलं असायला हवं. म्हणून कराराची प्रत आधी मिळवा. फोनवर जे कळतं ते ऐकीव असतं, रात्री त्याने डोकं शांत होत नाही. तक्रारीच्या ईमेलला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे.

ताबा घेतानाच्या यादीबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण पुढची बरीच चिडचिड तिथून येते. यादीत किलोमीटरचा आकडा, टायरची स्थिती, बॅटरी, स्टेपनी, जॅक, टेप, किती किल्ल्या दिल्या, हे लिहिलेलं हवं. गाडीतलं घरचं सामान कर्जात येत नाही. चष्मा, शाळेचा डबा, दवाखान्याची फाइल, देवाचा फोटो, हे सगळं तुमचं आहे आणि ते परत मागता येतं. यार्डात जाताना यादी करून जा आणि सामान मिळाल्यावरच सही करा. अनेकांच्या मनात गाडीपेक्षा त्या डॅशबोर्डवरच्या फोटोची खंत जास्त असते. तो हातात आला की निम्मं ओझं उतरतं.

आता आकड्याकडे येऊ. गाडी नेली म्हणजे कर्ज फिटलं, हा पहिला गैरसमज. एक उदाहरण धरा. मुद्दल बाकी 4,20,000, थकलेलं व्याज 18,000, दंड 9,000, ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च 13,000; एकूण 4,60,000. लिलावात गाडी 2,75,000 ला गेली तर 1,85,000 तुमच्या नावावर उरतात. लिलावात रस्त्यावरच्या बाजारभावापेक्षा किंमत कमी येते, कारण घेणारे बहुतेक डीलर असतात आणि त्यांना त्यात नफा ठेवायचा असतो. म्हणून सोडवून घेण्याची ऐपत असेल तर विक्रीआधी हालचाल करा. नसेल तर स्वतः गिऱ्हाईक आणून कंपनीच्या परवानगीने विकता येईल का, हे लेखी विचारा. दंडाची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. आरबीआयच्या 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. आता पोलीस उचलतील, घरातला फ्रिज नेतील, असं रात्री वाटत राहतं. हप्ता थकणं हा गुन्हा नाही. तारण गाडीचं होतं. उरलेल्या रकमेसाठी घरातल्या वस्तूंना हात लावायचा तर आधी लवादाचा किंवा कोर्टाचा आदेश लागतो, वसुलीला आलेला माणूस ते स्वतःच्या मनाने करू शकत नाही. चेक बाऊन्स किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत जाणं, याची मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून त्या नोटिशीला वकिलाकडून उत्तर द्याच. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कमी उत्पन्न असलेली कुटुंबं यांना तिथे मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायला 15100.

दोन कामं लोक हमखास विसरतात आणि ती पुढे रात्री-अपरात्री दचकवतात. पहिलं फास्टॅग. गाडी यार्डाकडे जाताना सावळेश्वरच्या टोलनाक्यावरून गेली की तुमच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. गाडी आपल्याशिवाय पुण्याच्या रस्त्याला लागलीय, हे असं मेसेजने कळणं फार लागतं. त्याच दिवशी फास्टॅग देणाऱ्या बँकेला सांगून तो बंद करा, उरलेली रक्कम परत मागा. दुसरं आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. लिलावानंतर गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत ई-चलन तुमच्या नंबरवर येऊ शकतं, अपघात झाला तर पहिली विचारणाही नोंदणीकृत मालकाकडे होऊ शकते. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ असलेला कागद जपून ठेवा, दर महिन्याला परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून नाव बदललं का बघा, आणि बदललं नसेल तर कंपनीला आणि आरटीओला त्या कागदाची प्रत जोडून लेखी कळवा.

कुणाला सांगायचं आणि कसं

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. पण तीन जणांना सांगितल्याशिवाय हा ताण उतरत नाही: घरातलं माणूस, जामीनदार, आणि रोज भेटणारा एक जण.

नवऱ्याने बायकोला सांगितलेलं नसतं, असं फार ठिकाणी असतं. गाडी गेली हे तिला दिसतं, पण किती बाकी आहे ते माहीत नसतं; आणि दागिने गहाण पडलेत हेही कधी कधी माहीत नसतं. तिला सांगताना आकडा पूर्ण सांगा. निम्मा सांगून निम्मा पुढच्या महिन्यात सांगितला तर दुसऱ्या वेळेचा धक्का पहिल्यापेक्षा मोठा असतो, आणि मग विश्वास जातो. मुलं झोपल्यावर, जेवण झाल्यावर, फाइल समोर ठेवून बोला. पहिल्या पाच मिनिटांत ती रागावेल, रडेल, तुमच्या आईबद्दल काही बोलेल. त्या वेळी स्वतःची बाजू मांडायला लागू नका. मुलांना वयाप्रमाणे एवढंच पुरतं: "हप्ते भरता आले नाहीत म्हणून गाडी कंपनीला परत गेली. शाळा, घर, जेवण चालू आहे." मुलांना खोटं सांगायला लावू नका. "कुणी विचारलं तर गॅरेजला म्हण" असं सांगितलं की ताण त्यांच्याही दप्तरात जातो.

जामीनदार बहुतेक घरातलाच असतो. त्याच्या दारात नोटीस पडायच्या आधी तुमचा फोन जायला हवा. असं म्हणता येईल: "दाजी, गेल्या गुरुवारी गाडी फायनान्सवाल्यांनी नेली. जामीन तुम्ही आहात, तर तुमच्याकडं पण नोटीस येईल. बाकी किती ते मी लिहून मागितलंय, आलं की तुम्हाला पाठवतो. कुणाचा फोन आला तर माझ्याशी बोला म्हणावं." माफी एकदा मागा, दहादा नको. दर पंधरा दिवसांनी स्वतःहून काय झालं ते कळवा. जामीनदाराला राग पैशापेक्षा अंधारात ठेवल्याचा जास्त येतो.

आणि शेजारी? त्यांच्यासाठी एकच वाक्य ठरवून ठेवा, जे खरं आहे आणि तिथेच थांबतं: "हप्ते झेपेनात, गाडी परत गेली. बघू पुढं." पुढचा प्रश्न आला तर "चहा घेणार का?" खरं वाक्य ध्यानात ठेवावं लागत नाही. पहिल्यांदा म्हणताना गळा दाटतो, चौथ्यांदा ते "आज ऊन फार आहे" इतकं साधं होतं. लोक दोन दिवस बोलतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

फोन

वसुलीच्या फोनला वेळेचं बंधन आहे. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करू नये, शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाइकांना आणि मित्रांना छळू नये, असं आरबीआयने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे. हे माहीत असलं तरी फोन वाजल्यावर धडधड होतेच. म्हणून फोनची वेळ तुम्ही ठरवा. ईमेलमध्ये लिहा की मंगळवारी आणि शुक्रवारी 11 ते 12 मध्ये मी बोलेन. त्या वेळी खरंच उचला. समोर वही ठेवा: तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, नंबर, काय ठरलं. बाकी वेळी तो नंबर सायलेंटवर. सगळेच फोन टाळले तर दिवसभर भीती राहते आणि कंपनीही "कर्जदार संपर्कात नाही" असा शेरा मारते. सगळेच उचलले तर काम होत नाही. आठवड्यातले ठरलेले दोन फोन बहुतेकांना झेपतात.

फोनवर कबूल करू नये असं एकच: झेपणार नाही ती रक्कम. "शनिवारी वीस हजार टाकतो" असं त्या क्षणी सुटका व्हावी म्हणून म्हटलं जातं, आणि मग शनिवारपर्यंतची प्रत्येक रात्र खराब होते. "घरचा हिशेब बघून शुक्रवारी लेखी कळवतो" एवढंच म्हणा. वसुलीवाल्याच्या स्वतःच्या यूपीआयवर किंवा हातात रोख पैसे देऊ नका. कर्जखात्यातच भरा आणि पावती फाइलला लावा. कोऱ्या कागदावर, किंवा "मी स्वखुशीने गाडी जमा केली" अशा छापील कागदावर न वाचता सही करू नका. केली असेल तर त्याची प्रत मागा.

रात्र

पहाटे तीनची जाग दोन-तीन आठवड्यांत कमी करता येते, पण त्यासाठी काही गोष्टी रोज कराव्या लागतात. संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटं "काळजीची वेळ" ठरवा. खुर्चीत बसून वहीत लिहा, डोक्यात काय चाललंय आणि त्यावर उद्या करता येईल असं काही आहे का. असेल तर वेळेसकट लिहा. नसेल तर तसं लिहून वही बंद. रात्री विचार आला की "उद्या साडेसहाला" म्हणून सोडायचा. पहिले चार-पाच दिवस हे जमत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

चहा दुपारी चारनंतर बंद. ताणात चहा सहा-सात कपांवर जातो, आणि त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही शरीरात असतो. रात्री आठनंतर बँकेचं ॲप आणि सिबिल (कर्जफेडीची नोंद) बघायचं नाही. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर पलंगावर तळमळू नका, उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. त्या वेळी श्वास मोजा: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके थोडे उतरतात. जोर लावून खोल श्वास घेतला तर मात्र चक्कर येते, म्हणून हळू. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. दुपारी झोपायचं तर अर्ध्या तासाच्या आत.

दारूने झोप लवकर लागते आणि लवकरच तुटते. पहाटेची जाग त्याने आणखी घट्ट होते, आणि घरचं भांडण वेगळंच.

सकाळी साडेपाच-सहाला, ऊन चढायच्या आत, अर्धा तास चाला. कंबर तलावाकडे जा, सिद्धेश्वर तलावाकडे जा, नाहीतर गल्लीतून मेन रोडपर्यंत. चालण्याचा दुसरा फायदा असा की माणसं भेटतात आणि ते ठरवलेलं एक वाक्य म्हणून होतं.

गाडीशिवाय दिवस लावणं

गाडी नसल्याने जे जे अडतं ते लिहून त्यातलं प्रत्येक काम वेगळं सोडवा. "आता सगळंच अडलं" असं वाटत असतं, लिहिल्यावर ते चार-पाच कामांवर येतं. मुलांची शाळा: रिक्षावाले मामा, महिन्याच्या बोलीवर. आईचा दवाखाना: ठरलेल्या तारखेला रिक्षा. तुळजापूरला दर्शन: एसटी, त्यात महिलांना अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत. कारखाना किंवा एमआयडीसी: सोबतच्या दुचाकीवाल्याला पेट्रोलचे पैसे. मग या सगळ्याची बेरीज करा आणि जुना हप्ता, डिझेल, विमा, टायर यांच्या बेरजेशेजारी ठेवा. बहुतेक घरांत नवा आकडा बराच लहान निघतो. त्या फरकातूनच कंपनीशी तडजोड करून कर्ज मिटवायची रक्कम उभी राहू शकते, हे एकदा कागदावर दिसलं की माणूस थोडा सावरतो.

ज्यांची गाडी भाड्यावर होती त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे गाडीबरोबर रोजी जाते आणि ओळखही जाते. कालपर्यंत मालक, आज कुणीच नाही. अशांनी गिऱ्हाइकं सोडू नयेत. अक्कलकोट-गाणगापूरची नेहमीची पार्टी फोन करते तेव्हा "गाडी नाही" म्हणून ठेवून देण्याऐवजी ओळखीच्या मालकाची गाडी ठरवून द्या, स्वतः ड्रायव्हर म्हणून जा, किंवा कमिशन घ्या. बदली ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर बसायला पहिल्या दिवशी जड जातं. पण घरात बसून राहिलेल्या माणसाचं मन जितक्या वेगाने खचतं तितकं ते खचत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

हे दिसलं तर थांबू नका

काही खुणा वेगळ्या आहेत. "मी नसलो तर इन्शुरन्समधून सगळं फिटेल" असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक शांत होणं, सगळ्यांना फोन करून माफी मागणं, शेतावरच्या औषधाच्या बाटल्यांकडे वळणं. घरच्यांनी अशा वेळी सरळ विचारावं: "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका, फवारणीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवा, आणि टेलिमानसला फोन लावा: 14416. ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. लगेच धोका असेल तर 112, किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

खातं बंद होईपर्यंत

तडजोड करायची असेल तर रक्कम, तारखा आणि "यानंतर काहीही येणे नाही" हे वाक्य असलेलं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर आधी हातात घ्या, मगच पैसे भरा. तोंडी ठरलेली तडजोड तो अधिकारी बदलला की मोडते. तडजोडीनंतर सिबिलमध्ये "सेटल्ड" असा शेरा येतो, पूर्ण भरल्यावर "क्लोज्ड". पुढे कर्ज देणारा हे दोन शब्द वेगवेगळे वाचतो. पण दरमहा जीव खाणारा हप्ता चालवण्यापेक्षा "सेटल्ड" पत्करलेलं बरं, अशी वेळ असू शकते. ते तुमच्या उत्पन्नावर ठरवा, लाजेवर नको. शेवटचा पैसा भरल्यावर नो ड्यूज पत्र, सही करून दिलेले कोरे चेक परत, आणि बँकेतला आपोआप कपातीचा आदेश रद्द, हे तिन्ही घ्या. सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो काढून नोंद तपासा. चूक असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

आणि या सगळ्या काळात फाइलच्या पहिल्या पानावर तीन आकडे दर रविवारी लिहीत जा: या आठवड्यात किती रात्री पहाटे जाग आली, किती फोन घाबरून टाळले, गाडीबद्दल कितीदा खोटं बोललो. तिसरा आकडा आधी खाली येतो, मग दुसरा, झोपेचा सगळ्यात शेवटी. चार आठवड्यांनी तिन्ही तिथेच असतील, किंवा सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जेवण जात नसेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. केसपेपर काढताना खिडकीवर गाडीचं, कर्जाचं काही सांगावं लागत नाही. "झोप लागत नाही" एवढं म्हटलं तरी पुढचं डॉक्टर विचारतात.